जिप्सीचं हेड: दुरुस्त करायचं की बदलायचं?

इंजिनचं हेड (सिलिंडरांवर झाकणासारखा बसणारा वरचा भाग) गंजलंय असं गॅरेजमधून कळलं की पाठोपाठ सल्ले येतात. कुणी म्हणतं नवीनच टाका, कुणी म्हणतं वेल्डिंग मारून घ्या, कुणी म्हणतं अख्खं इंजिनच बदला. यातला प्रत्येक सल्ला कुठल्या ना कुठल्या गाडीसाठी बरोबर असतो. आपल्या गाडीसाठी कुठला बरोबर, हे मात्र हेड उतरवून, धुऊन, मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येत नाही. 2024 च्या दसऱ्यापासून डिसेंबरपर्यंत आम्ही हेच करत होतो. त्या काळात कोणत्या टप्प्यावर काय विचारायचं आणि किती पैसे लागतात हे सांगणारं मराठीत फार काही सापडलं नाही, म्हणून घडलं तसं लिहिते आहे.

गाडी मारुती जिप्सी, 2007 ची. तेराशे सीसीचं, सोळा व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन. ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा खालचा भाग, अॅल्युमिनियमचा, हेडही अॅल्युमिनियमचं. बाबांनी घेतलेली. देवगड तालुक्यात आमची हापूसची कलमं आहेत आणि बागेकडे जाणारा शेवटचा टप्पा कातळावरून खाली खाडीकडे उतरतो. तिथे साधी गाडी उतरते, पण भरल्या पेट्या घेऊन वर चढत नाही. 2023 मध्ये बाबा गेले, त्यानंतर मी फॉर्म 31 भरून गाडी नावावर करून घेतली होती. नोंदणीची पंधरा वर्षं 2022 मध्ये संपली तेव्हा बाबांनीच पाच हजार रुपये शुल्क भरून आणि गाडी तपासून घेऊन ती 2027 पर्यंत वाढवली होती. हे तपशील आधीच सांगते, कारण पुढच्या हिशेबात ते लागतात.

पावसाळ्यापासून कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू उतरत होती. खाली कुठे थेंब नाही, होजपाइप कोरडे, रेडिएटर कोरडा. सकाळी पहिल्यांदा चालू केली की सायलेन्सरमधून पांढरी वाफ नेहमीपेक्षा जास्त वेळ यायची. 9 ऑक्टोबरला संध्याकाळी बागेतून वर येताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली आणि कणकवलीच्या मेकॅनिक काकांना फोन लावला. बाबांच्या वेळेपासून जिप्सी तेच बघतात. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "बॉनेट उघड, पण रेडिएटरचा झाकण उघडू नको गो. थंड होवंदे आधी." हे प्रत्येकाने पाठ करून ठेवावं. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल केलं की ते उकळत तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात वरून गार पाणी ओतणं तर त्याहून वाईट, अॅल्युमिनियमचं हेड तेवढ्याने वाकू शकतं.

गाडी रात्री तिथेच ठेवली. दुसऱ्या दिवशी टोचन करून कणकवलीला नेली, टेम्पोवाल्याने अडीच हजार घेतले. "थोडं थोडं पाणी घालत चालवत आणू का" असं मी विचारलं होतं, त्याला काका ठाम नाही म्हणाले. तापलेलं इंजिन पंधरा-वीस किलोमीटर चालवलं की हेडचं दुखणं ब्लॉकपर्यंत जातं, आणि मग टोचनचे अडीच हजार फार स्वस्त वाटतात.

दसऱ्याला गॅरेज बंद होतं, त्यामुळे तपासणी 14 तारखेला झाली. आधी डिपस्टिक आणि ऑइलचं झाकण पाहिलं. ऑइल काळं होतं, दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलं नव्हतं. ही मोठी गोष्ट होती, कारण पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन चाललं असतं तर बेअरिंगांचीही काळजी करावी लागली असती. मग थंड इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढून गाडी चालू केली. थोड्याच वेळात पाण्यात बुडबुडे यायला लागले, आणि ते थांबेनात. सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतोय याची ही खूण. शेवटी कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं. बाकीच्या तीन सिलिंडरमध्ये बारा किलोच्या वर, तिसऱ्या नंबरमध्ये नऊच्या आत. हेड उतरवायला हवं हे तेव्हाच नक्की झालं.

त्या दिवशी मी काकांकडून दोन गोष्टी ठरवून घेतल्या आणि त्यांचा पुढे फार उपयोग झाला. एक म्हणजे उतरवण्या-बसवण्याची मजुरी किती आणि त्यात काय काय धरलंय (साडेसात हजार ठरले, टायमिंग बेल्ट बसवण्यासकट). दुसरी म्हणजे हेड उतरल्यावर मला बोलवायचं आणि मी बघेपर्यंत ते घासायचंही नाही, पुसायचंही नाही.

17 तारखेला हेड बाकावर उलटं ठेवलेलं पाहिलं. अॅल्युमिनियमचा गंज लोखंडासारखा तांबडा नसतो. पाण्याच्या वाटांच्या तोंडाशी पांढरी, खडूच्या भुकटीसारखी पुटं बसली होती. काकांनी टोकदार पोकरने ती हलकेच खरवडली तेव्हा खाली धातू वाळवीने खाल्लेल्या फळीसारखा पोखरलेला निघाला. गोल भोकांच्या कडा गोल राहिल्या नव्हत्या, काही ठिकाणी त्या गॅसकेटच्या (हेड आणि ब्लॉकमधल्या पातळ सीलच्या) खाली पसरल्या होत्या. तिसऱ्या सिलिंडरजवळ असाच एक खड्डा पाण्याच्या भोकापासून निघून थेट गॅसकेटच्या, सिलिंडरभोवती असणाऱ्या लोखंडी कड्याखाली पोचला होता. गॅसकेट तेवढ्याच भागात काळं पडलं होतं. वायू पाण्यात कसा शिरत होता ते बोट ठेवून दाखवता येत होतं.

"ताई, ह्यां पाण्यान खाल्ल्यान हा," काका म्हणाले.

ते अक्षरशः खरं होतं. अॅल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा एक पातळ थर असतो आणि तोच त्याला वाचवतो. कूलंटमधली रसायनं हा थर टिकवून ठेवतात. कूलंट जुनं झालं की ती संपतात. पाण्यात क्षार, विशेषतः क्लोराइड, असतील तर थर जागोजागी फुटतो आणि तिथून खड्डे पडत आत जातात. आमच्या बागेतली विहीर खाडीच्या अंगाला आहे, एप्रिल-मेमध्ये तिचं पाणी मचूळ लागतं. पाणी कमी पडलं की गाडीत तेच पडत आलं, बाबांच्या वेळेपासून. आमच्याकडे बहुतेक सगळ्या गाड्यांत असंच चालतं. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या प्रत्येकाने हा मजकूर सोडून दिला तरी चालेल, पण एवढं लक्षात ठेवावं: विहिरीचं किंवा बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. अडीअडचणीत घालावं लागलं तर घरी पोचल्यावर काढून टाकावं.

हेड किती वाकलंय ते काकांनी लोखंडी पट्टी आडवी, उभी, तिरकी ठेवून फिलर गेजने, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पानांनी, पाहिलं. या इंजिनाला मुभा पाच शतांश मिलिमीटरची, म्हणजे 0.05. आमच्या हेडमध्ये मधोमध त्याच्या दुप्पट पान सरकत होतं. एवढा वाक फेसिंग करून, म्हणजे हेडचा सपाट पृष्ठभाग तासून, निघतो. प्रश्न खड्ड्यांचा होता. काकांचा कल नवीन हेडकडे होता, पण त्यांनीच सांगितलं की कोल्हापूरला उद्यमनगरात एकदा दाखव, तिथली माणसं रोज हेच करतात.

सुटं हेड एका माणसाला उचलता येतं. कॅमशाफ्ट, व्हॉल्व्ह सगळं काढून, कोणता व्हॉल्व्ह कुठला ते पुठ्ठ्यावर नंबर टाकून खोचून ठेवलं. हेड गोणपाटात गुंडाळलं, फेसची बाजू ओरखडे पडू नयेत म्हणून जुन्या गोधडीत, आणि 22 ऑक्टोबरला फोंडा घाटातून एसटीने कोल्हापूर. गाडी नेण्याची गरज नसते, हे मला आधी सुचलंच नसतं. व्हॉल्व्ह आणि जुनं गॅसकेटही सोबत घ्या, खड्डा गॅसकेटच्या कुठल्या भागाखाली येतो हे त्यावरून नेमकं कळतं.

शिवाजी उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये तिथल्या दादांनी आधी हेड धुऊन काढलं. एक सूचना इथे महत्त्वाची. लोखंडी हेड कॉस्टिकच्या टाकीत उकळतात, पण कॉस्टिक सोड्यात अॅल्युमिनियम विरघळतं. कुठेही देताना "हेड अॅल्युमिनियमचं आहे" हे तोंडाने सांगा, चांगल्या ठिकाणी ते माहीत असतंच, पण नव्या पोराच्या हातात पडलं तर घोटाळा होतो.

मग प्रेशर टेस्ट. पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि लोखंडी पट्ट्या लावून बंद केल्या, एका भोकातून हवेची नळी जोडली आणि हेड गरम पाण्याच्या हौदात बुडवलं. गरम पाणी अशासाठी की काही चिरा धातू तापून फुगल्यावरच उघडतात. हवा सोडली. आम्ही सगळे हौदावर वाकून बघत होतो. सुरुवातीला इथून तिथून अडकलेली हवा निघाली, मग पाणी शांत झालं. बुडबुडा नाही. म्हणजे हेडला आरपार चीर नव्हती.

मला हायसं वाटलं. मनातून मला तेच हेड टिकायला हवं होतं, बाबांच्या गाडीचं मूळ हेड. दादांनी तीन वाटा सांगितल्या. नुसतं फेसिंग केलं तर वाक जाईल, पण तिसऱ्या सिलिंडरजवळचा खड्डा वरवर बघता मिलिमीटरहून खोल, तेवढं तासता येत नाही. जास्त तासलं की कॉम्प्रेशन वाढतं, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याचं टायमिंग हलतं, हेड पातळ होतं. मेटल पुट्टी भरणं हा दुसरा उपाय. पाण्याच्या भोकांच्या बाहेरच्या कडांना ती चालते, पण सिलिंडरच्या कड्याखाली, जिथे स्फोटाची आच थेट लागते, तिथे ती टिकत नाही. तिसरा, आर्गन वेल्डिंग: गंजलेला भाग चांगला धातू लागेपर्यंत घासून काढायचा, हेड सगळीकडून सारखं तापवायचं, भर घालायची, सावकाश थंड करायचं आणि मग फेसिंग. साडेचार हजार वेल्डिंगचे, फेसिंगचे हजार.

"वेल्डिंग मारून देतो ताई, पर आत धातू किती र्‍हायलाय ते घासल्यावरच कळंल. तोवर गॅरंटी न्हाई देत."

हे वाक्य मला आवडलं. घासण्याआधी गॅरंटी देणारा माणूस मिळाला असता तर मी कदाचित त्याच्याकडे गेले असते, आणि ते बरोबर ठरलं नसतं. दिवाळी तोंडावर होती, वेल्डिंगचा माणूस गावी जाणार होता. हेड तिथेच ठेवून मी परत आले. धुणं आणि टेस्टचे नऊशे रुपये दिले, पावती घेतली, आणि हेडच्या अंगावर पंच मारून खूण करून घेतली. सारखी दिसणारी हेडं तिथे रांगेने पडलेली असतात.

मधल्या काळात मी बाकीच्या वाटा तपासल्या. गावात बऱ्याच जणांनी सुचवलं होतं की भंगारातून अख्खं चालू इंजिन आण, दोन दिवसांत बसेल. सिंधुदुर्गचं उपप्रादेशिक परिवहन कार्यालय ओरोसला आहे, तिथे जाऊन विचारलं. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, आणि आरसीवर तोच लिहिलेला असतो. हेड बदललं तर नोंदणीत काहीच बदलत नाही, कसलाही अर्ज नको. इंजिन बदललं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली परवानगी लागते. अर्ज नोंदणीकृत मालकाचाच हवा, ज्या गाडीतून इंजिन काढलं तिचे कागद, खरेदीचं बिल, ते चोरीचं नाही याची खातरजमा, मग गाडीची तपासणी आणि आरसीवर नवा नंबर. खिडकीतल्या मॅडमनी हे सगळं शांतपणे समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, "ब्लॉक चांगला आहे ना तुमचा? मग कशाला यात पडता?" भंगारवाल्याकडे त्या गाडीचे कागद जवळपास कधीच नसतात. कागदांशिवाय इंजिन बसवलं तर 2027 ला नोंदणी वाढवताना नंबर जुळणार नाही आणि गाडी तिथेच अडकेल. ती वाट मी बंद केली.

विम्याचंही विचारून घेतलं. अपघात नसताना झालेला यांत्रिक बिघाड, झीज, गंज हे साध्या मोटार विम्यात बसत नाही. त्यात वेळ घालवू नका.

गाडी विकून टाकावी का, हाही विचार केला. सामान्य ग्राहकांसाठी जिप्सीचं बुकिंग 2018 अखेर बंद झालं, त्यामुळे चांगल्या स्थितीतल्या जिप्सीला अजून मागणी आहे. चालू असती तर तीन लाखांच्या आसपास बोलणारे लोक होते, बंद गाडीला त्याच्या निम्म्यावर आले. बागेसाठी दुसरी फोर बाय फोर घ्यायची तर जुनीसुद्धा याच्या कितीतरी पटीत. तीस-चाळीस हजारांपर्यंत खर्च करणं योग्य, हा आकडा मी तेव्हा वहीत लिहून ठेवला. वरची मर्यादा आधी ठरलेली असली की काउंटरवर उभं राहून गोंधळ होत नाही.

दिवाळीनंतर 6 नोव्हेंबरला मी पुन्हा उद्यमनगरात होते. वेल्डिंगवाल्या मामांनी हातातल्या ग्राइंडरला बारीक बर (घासायचं दातेरी टोक) लावला आणि तिसऱ्या सिलिंडरजवळचा खड्डा मोकळा करायला घेतला. चांगला अॅल्युमिनियम घासला की चकचकीत, सलग दिसतो. इथे करडे ठिपके दिसत राहिले. मामा थोडं घासायचे, फुंकर मारायचे, बॅटरीच्या उजेडात बघायचे, पुन्हा घासायचे. ठिपके जाईनात. मग त्यांनी खड्ड्यात एक टोकदार सुई टेकवून जरा दाब दिला आणि सुई आत रुतली. पलीकडून पाण्याच्या वाटेत बोट घालून त्यांनी मला तिथला धातू चाचपायला सांगितला. माझ्या बोटाच्या आणि त्या सुईच्या मध्ये फार थोडं काही उरलं होतं. प्रेशर टेस्टमध्ये हवा आली नव्हती, कारण भिंत अजून फुटली नव्हती. पण वेल्डिंगची भर धरून ठेवायला खाली जाड, शुद्ध धातू लागतो, आणि तो नव्हता.

मामांनी ग्राइंडर खाली ठेवला. "ह्याच्यावर पैसे घालू नका. मारलं तर दिसंल झकास, पर तापलं की सुटंल." त्यांनी घासण्याचे पैसेही घेतले नाहीत.

बाहेर येऊन मी बराच वेळ चहाच्या टपरीवर बसले होते. वाईट वाटलं, हे लिहिताना संकोच नाही. पण संशय मात्र काही उरला नव्हता, आणि त्याचं बरं वाटत होतं. हेड टाकून द्यायचं हे कुणाच्या मतावरून ठरलं नाही, माझ्या बोटाला लागलं होतं. हे सगळ्यांना लागू पडेल असं नाही. त्याच वर्कशॉपमध्ये एका ओम्नीचं हेड आलं होतं, दिसायला आमच्याहून भयंकर, पण खड्डे सगळे बाहेरच्या कडेला, कड्यांपासून लांब. मामांनी ते भर घालून, फेस करून दिलं. गंज किती आहे यापेक्षा तो कुठे आहे आणि खाली धातू किती आहे, हे विचारायचं.

आता नवीन की जुनं. अधिकृत विक्रेत्याच्या सुट्या भागांच्या काउंटरवर चासी नंबर देऊन चौकशी केली. नुसतं हेड, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्टशिवाय, चौतीस हजारांच्या घरात सांगितलं. हातात माल नव्हता, मागणी नोंदवावी लागणार, कधी येईल याची तारीख नाही, आगाऊ रक्कम मात्र भरायची. चासी नंबरवरूनच भाग क्रमांक काढून घ्या, कारण जिप्सीची आठ व्हॉल्व्हची आणि सोळा व्हॉल्व्हची हेडं वेगळी आहेत आणि "जिप्सीचं हेड" एवढ्यावर चुकीचं येऊ शकतं. मी भाग क्रमांक लिहून घेतला आणि थांबून राहायचं ठरवलं. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं, त्या आठवड्यात कुणाचाच फोन आला नाही. बागेत फवारणीचे दिवस आले होते आणि भाड्याच्या पिकअपवर रोज पैसे जात होते.

तेव्हा दादांचा फोन आला, कोल्हापुरातच जुन्या मालाच्या एका व्यापाऱ्याकडे जिप्सीची दोन हेडं आली आहेत. 26 नोव्हेंबरला आम्ही दोघं मिळून बघायला गेलो. पहिलं वरून अगदी स्वच्छ, चकाकणारं. दादांनी वर्निअर लावून चार कोपऱ्यांची उंची घेतली, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडली आणि बाजूला ठेवलं. ते आधीच तासून घेतलेलं होतं, पुन्हा फेसिंगला जागाच नव्हती. दुसरं काळं, ऑइलाने माखलेलं. पण त्याच्या पाण्याच्या भोकांच्या कडा गोल होत्या, तीक्ष्ण होत्या, आत हिरवट कूलंटचा रंग अजून दिसत होता. ज्याने ती गाडी वापरली त्याने कूलंट घातलं होतं. कॅमशाफ्ट बसतो त्या जागांवर बोट फिरवलं तर ओरखडे नव्हते. उंची पूर्ण.

व्यापारी पंधरा हजार म्हणाला. अकराला ठरलं, कॅमशाफ्टसकट, आणि एका अटीवर: प्रेशर टेस्टमध्ये नापास झालं तर पैसे परत. ही अट बिलाच्या मागे लिहून घेतली. जुनं हेड घेताना ही अट मान्य न करणाऱ्याकडून घेऊ नये असं माझं ठाम मत आहे, मग ते कितीही स्वस्त मिळो. आमच्या जुन्या हेडचं उदाहरण समोर होतं, त्यामुळे टेस्ट पास झाल्यावरही दादांनी प्रत्येक भोकाच्या कडेला सुई टेकवून पाहिली. सगळीकडे कडक लागली. मग अगदी हलकं फेसिंग, व्हॉल्व्ह सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा कापून नीट करणं), लॅपिंग (व्हॉल्व्ह त्यावर घासून बसवणं), नवीन व्हॉल्व्ह सील. सीटमध्ये पेट्रोल ओतून ते खाली झिरपतं का हे त्यांनी माझ्यासमोर दाखवलं. धुणं-टेस्टचे नऊशे, फेसिंगचे हजार, व्हॉल्व्हच्या कामाचे बत्तीसशे.

हेड घेऊन मी कणकवलीला आले आणि काकांनी 5 डिसेंबरला बसवायला घेतलं. त्याआधी ब्लॉकचा माथाही पट्टी ठेवून तपासला, कारण ब्लॉकही अॅल्युमिनियमचा आणि पाणी त्यातूनही तेच फिरलेलं. कडांना थोडे ठिपके होते, सिलिंडरच्या कड्यांजवळ साफ होता. तो खराब निघाला असता तर सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागला असता. म्हणून नवीन हेडचे पैसे भरण्याआधी ब्लॉक बघून घ्या, हा क्रम आमच्यासारखा उलटा करू नका.

गॅसकेटचा सेट आणि नवे हेड बोल्ट एकोणचाळीसशे. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट त्रेचाळीसशे. हे तीन भाग मी काकांना न विचारताच नवे बसवायला सांगितले, एवढं उघडल्यावर ते जुने ठेवण्यात शहाणपण नव्हतं. जुन्या वॉटर पंपाची पाती झिजून अर्धी झाली होती. रेडिएटर उघडून साफ करायला बाराशे, त्यातून निघालेली गाळ-पुटं एका डबाभर होती. बोल्ट काकांनी टॉर्क रेंचने, मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळले. अंदाजाने पान्याला लोंबकळून आवळणारा मेकॅनिक असेल तर अॅल्युमिनियमचं हेड त्याच्याकडे देऊ नका.

सगळं बसल्यावर नुसतं पाणी भरून इंजिन गरम केलं, काढलं, पुन्हा भरलं, स्वच्छ येईपर्यंत. हेही डिस्टिल्ड पाण्याने केलं. मग तयार मिसळलेलं कूलंट. ऑइल, फिल्टर धरून याचे चौतीसशे. काढलेलं कूलंट अंगणात ओतू देऊ नका. ते गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात, आणि ते विषारी आहे. आम्ही कॅनमध्ये भरून गॅरेजलाच ठेवलं.

7 डिसेंबरला गाडी चालू झाली. काटा मधोमध थांबला, पंखा चालू झाला, बंद झाला. काकांनी थंड झाल्यावर रेडिएटरचं झाकण काढून पुन्हा चालू केली आणि आम्ही पाण्याकडे बघत राहिलो. पृष्ठभाग सपाट. नंतर कॉम्प्रेशन घेतलं, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ.

टोचनपासून कूलंटपर्यंत सगळं मिळून 39,800 रुपये झाले, एसटीची भाडी आणि जेवणखाण धरलं तर बेचाळीस हजारांच्या आसपास. भाडी-जेवण सोडलं तर वहीतल्या मर्यादेला जवळजवळ टेकलं. नुसतं नवीन हेड घेतलं असतं तर याच्यावर तेवीस-चोवीस हजार आणखी, आणि ते कधी आलं असतं हे आजही मला कुणी सांगितलेलं नाही. नवीन हेड मिळत असेल, गाडी रोज लांब पल्ल्याला जात असेल आणि पैसे असतील, तर मी नवीनच घ्या म्हणेन. दहा वर्षं गाडी ठेवायची असेल तरीही नवीनच. आमची गाडी बागेपुरती, वर्षाला थोडीच चालते, आणि नोंदणी 2027 पर्यंत. त्यासाठी तपासून घेतलेलं जुनं हेड पुरेसं होतं.

2025 चा पूर्ण हंगाम ती चालली. मार्चपासून मेपर्यंत पेट्या घेऊन तो चढ रोज चढली, बाटलीतली पातळी हलली नाही. गाडीत आता पाच लिटरचा डिस्टिल्ड पाण्याचा कॅन कायम असतो, आणि बागेतल्या गड्यांना सांगून ठेवलंय की विहिरीचं पाणी घालायचं नाही. बॉनेटच्या आतल्या बाजूला कूलंट बदलल्याची तारीख रंगाने लिहिली आहे, पुढचं डिसेंबर 2026 ला.

बाबांच्या गाडीचं जुनं हेड भंगारात अॅल्युमिनियमच्या भावाने किलोवर गेलं, मामांनी घासलेला खड्डा तसाच असताना. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारींच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क दहा हजार केलं आहे. 2027 ला आमची गाडी त्यात येईल. तेव्हा तिची तपासणी होईल, पर्यावरण कर भरावा लागेल, आणि गाडी ठेवायची की नाही हा हिशेब नव्या आकड्यांनी पुन्हा मांडावा लागेल. त्यासाठी या वेळची सगळी बिलं, प्रेशर टेस्टच्या पावत्या आणि कॉम्प्रेशनचे आकडे एका फाइलमध्ये लावून ठेवले आहेत.